'ड्रॅगनेट' (१९८७): जुनी पोलिसी मालिका आणि तिच्यावरचा विनोदी चित्रपट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन पोलिसी मालिकांवरून काढलेल्या विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की 'स्टार्स्की अँड हच' आणि '२१ जंप स्ट्रीट' ही नावं लगेच पुढे येतात. त्यांच्या कितीतरी आधी आलेला 'ड्रॅगनेट' मात्र फारसा कुणाला आठवत नाही. आठवलाच तर 'टॉम हँक्सचा तो जुना सिनेमा' एवढाच. माझ्या मते या जातीच्या चित्रपटांत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त याच चित्रपटात आहे. जिथे चांगला जमलाय तिथेही आणि जिथे घसरलाय तिथेही. त्याच्याबद्दल जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कथेचा शेवट ज्या उत्तरात उघड होतो, तिथे तशी सूचना दिली आहे.

हा चित्रपट कुणी काढला, कधी आला?

२६ जून १९८७ रोजी युनिव्हर्सलने तो अमेरिकेत प्रदर्शित केला. लांबी १०६ मिनिटं. मुख्य भूमिकांत डॅन अ‍ॅक्रॉइड आणि टॉम हँक्स. पटकथा अ‍ॅक्रॉइड, अ‍ॅलन झ्वायबेल आणि टॉम मँकविट्स या तिघांची. दिग्दर्शनही मँकविट्सचं, आणि मोठ्या पडद्यासाठी त्याने दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. त्याआधी तो जेम्स बाँडपटांचा लेखक म्हणून ओळखला जायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाबद्दल बोलताना तिचा उपयोग होणार आहे.

मूळ 'ड्रॅगनेट' मालिका काय होती?

तिची सुरुवात रेडिओवर झाली. १९४८ साली जॅक वेब नावाचा तरुण नट 'ही वॉक्ड बाय नाइट' या गुन्हेपटात पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची छोटी भूमिका करत होता. लॉस एंजेलिस पोलिसांतले सार्जंट मार्टी विन त्या चित्रपटाचे सल्लागार होते. पोलिसांच्या खऱ्या फायलींवरून गोष्टी कर, हे त्यांनीच वेबला सुचवलं. वेब मग पोलिसांबरोबर त्यांच्या गाडीतून रात्री हिंडू लागला. ते एकमेकांशी काय बोलतात, साक्षीदाराला प्रश्न कसे विचारतात, अहवाल कोणत्या भाषेत लिहितात, हे सगळं त्याने टिपून घेतलं. ३ जून १९४९ रोजी एनबीसी रेडिओवर मालिका सुरू झाली. १६ डिसेंबर १९५१ ला तिचा पहिला भाग टीव्हीवर दिसला आणि पुढे १९५९ पर्यंत ती चालली. १९६७ मध्ये वेबने ती रंगीत स्वरूपात परत आणली. ही दुसरी आवृत्ती १९७० पर्यंत चालली आणि तिचे ९८ भाग झाले. १९८७ चा चित्रपट ज्या चेहरेपट्टीची नक्कल करतो, ती मुख्यतः या दुसऱ्या आवृत्तीची.

निर्माता, दिग्दर्शक, निवेदक आणि नायक, सगळं काही वेबच. सार्जंट जो फ्रायडे हे त्याचं पात्र अमेरिकेत इतकं रुजलं, की बऱ्याच लोकांना तो खरोखरचा पोलीस वाटायचा.

त्या मालिकेत एवढं वेगळं काय होतं?

तोवरचे रेडिओवरचे आणि पडद्यावरचे गुप्तहेर कसे होते? तडफदार, हजरजबाबी, सतत कुणाला तरी ठोसे लगावणारे. वेबचा फ्रायडे नोकरीवर जातो. भागाच्या सुरुवातीला शहराची दृश्यं दिसतात आणि त्याचा खालच्या पट्टीतला सपाट आवाज सांगतो: हे शहर, लॉस एंजेलिस, मी इथे काम करतो. मग वार, तारीख, हवामान, आज कोणत्या विभागात ड्यूटी, साहेब कोण, जोडीदार कोण. पुढचा अर्धा तास दारं ठोठावणं, प्रश्न विचारणं आणि नोंदी करणं. शेवटी निवेदक आरोपीला काय शिक्षा झाली ते वाचून दाखवतो आणि संपतं.

संवादांची लय तर वेगळीच. छोटी वाक्यं, एकामागून एक, एकाच सुरात. हा सूर साधावा म्हणून वेब नटांना संवाद पाठ करू देत नसे, टेलिप्रॉम्प्टरवरून वाचायला लावत असे. अभिनय करायला वावच राहू नये, अशी ही व्यवस्था. सलग चार-पाच भाग पाहिले की त्या सपाटपणाची चटक लागते. आणि त्यावर नक्कल सुचणंही अटळ आहे. कुठलीही शैली एवढी ठाशीव असली की तिची टिंगल करणारे आपोआप उभे राहतात.

म्हणजे चित्रपटाच्या आधीही 'ड्रॅगनेट'ची टिंगल झाली होती?

भरपूर. सगळ्यात गाजलेली १९५३ सालची. स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकाराने संत जॉर्ज आणि ड्रॅगनची गोष्ट फ्रायडेच्या थाटात सांगणारी एक ध्वनिमुद्रिका काढली. ती अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मालिकेचं मूळ शीर्षकसंगीतही त्यात वापरलं होतं.

"जस्ट द फॅक्ट्स, मॅम" हे फ्रायडेचं वाक्य ना?

याच शब्दांत ते मूळ फ्रायडेच्या तोंडी नाही. 'आम्हाला फक्त माहिती हवी आहे, बाई' अशा अर्थाची वाक्यं तो म्हणायचा. लोकांच्या डोक्यात बसलेलं रूप फ्रीबर्गच्या त्या मुद्रिकेतल्या वाक्यावरून घडत गेलं. नकलेने अस्सल माणसाच्या तोंडी शब्द घातले आणि जगाने ते मान्य करून टाकले. चित्रपट काढणाऱ्यांच्या हाती खरा फ्रायडे आणि हा लोकांच्या आठवणीतला फ्रायडे असे दोन्ही आले होते.

हा रिमेक आहे, पुढचा भाग आहे, की विडंबन?

तिन्हीचं मिश्रण, आणि ते डोकं लावून केलंय. अ‍ॅक्रॉइडने जॅक वेबचा जो फ्रायडे केलेला नाही. तो साकारतो त्या फ्रायडेचा पुतण्या. नाव तेच, नोकरी तीच, सूट तसाच, केस तसेच बारीक कापलेले, बोलणंही काकासारखंच. म्हणजे मूळ मालिकेत जे घडलं ते या जगात खरोखर घडलेलं आहे. काका होऊन गेला, त्याचं नाव पोलीस ठाण्यात आदराने घेतलं जातं, आणि पुतण्याने त्याचा वारसा अंगरख्यासारखा चढवला आहे.

या एका निर्णयामुळे दोन गोष्टी साधल्या. वेबची जागा कुणी घेतली असा भाव राहत नाही. आणि फ्रायडे १९८७ च्या लॉस एंजेलिसमध्ये चुकलेल्या काळात आल्यासारखा का वागतो, याला कारण मिळतं. हा माणूस दुसऱ्याच्या काळातल्या नियमांनी जगायचं ठरवून आलेला आहे.

विनोद नेमका कशातून येतो?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबणार आहे, कारण सगळं यावरच उभं आहे.

हॉलिवूडने सोपी वाट धरली असती तर फ्रायडेला बावळट केलं असतं. तो धडपडला असता, पुरावे हरवले असते, चुकीच्या माणसाला पकडलं असतं. अ‍ॅक्रॉइडचा फ्रायडे बावळट नाही. तो हुशार आहे, धाडसी आहे, कामात चोख आहे. फक्त तो काळाप्रमाणे बदललेला नाही. त्याच्या भोवतीचं शहर मात्र पुरतं बदललं आहे. अंगप्रदर्शनाची मासिकं, टीव्हीवरचे धर्मोपदेशक, चकचकीत हवेल्यांतल्या पार्ट्या. या सगळ्यांशी तो अहवालाच्या भाषेत बोलतो. विनोद त्या दोन भाषांच्या टकरीतून होतो. फ्रायडे स्वतः एकदाही हसत नाही आणि आपण काही गमतीचं बोलतोय याची त्याला कल्पनाही नाही.

अ‍ॅक्रॉइडला ही भूमिका का जमली, हे त्याचं आधीचं काम पाहिलं की समजतं. 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) असो की 'घोस्टबस्टर्स' (१९८४), तांत्रिक तपशिलांची लांबलचक वाक्यं श्वास न घेता म्हणण्यात त्याचा हातखंडा. इथे ते कसब कलमं, नियम, गाड्यांची मॉडेलं आणि रसायनांची नावं यांच्यासाठी वापरलं आहे. वेबच्या निवेदनाचा वेग त्याने किंचित वाढवला, सूर तसाच ठेवला. ही नक्कल टवाळखोराची नाही. लहानपणी ज्याचं ऐकत वाढलो, त्याचा आवाज घशात बसावा तशी ती आहे.

कॉनी स्वेल या नायिकेचं उदाहरण घ्या. फ्रायडे तिचा उल्लेख करताना नावाआधी दर वेळी 'कुमारिका' असं लावतो. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर पाचकळ वाटलं असतं. फ्रायडेच्या दृष्टीने हे तपासातलं एक वर्णन आहे, जसं उंची किंवा केसांचा रंग. म्हणून ते चालून जातं, आणि शेवटच्या प्रसंगात त्याच शब्दाचा उपयोग करून घेता येतो.

टॉम हँक्सचं काय? तो तर नंतर मोठा स्टार झाला.

तेव्हा तो मोठा स्टार नव्हता. 'स्प्लॅश' (१९८४) येऊन गेला होता, 'बिग' (१९८८) यायचा होता. इथे तो पेप स्ट्रीबेक हा फ्रायडेचा नवा जोडीदार आहे. गुप्त कामगिरीवरून आलेला, ढगळ कपड्यांचा, तोंडाळ, नियमांकडे काणाडोळा करणारा. प्रेक्षकाच्या मनात जे येतं ते स्ट्रीबेक बोलून दाखवतो. तो नसता तर फ्रायडेचा सपाटपणा अर्ध्या तासात कंटाळवाणा झाला असता.

तरी माझं मत सांगतो: हँक्स मजेदार आहे, पण त्याची भूमिका त्या काळातल्या कुठल्याही जोडगोळीपटात बसली असती. 'लेथल वेपन' त्याच वर्षी मार्चमध्ये येऊन गेला होता, आणि शिस्तीचा पोलीस नि बेशिस्त पोलीस ही जोडी तोवर सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. चित्रपटाचा आत्मा अ‍ॅक्रॉइड आहे.

कथा काय आहे? (शेवट उघड होतो.)

लॉस एंजेलिसमध्ये विचित्र चोऱ्या होत आहेत. एका मासिकाचे गठ्ठेच्या गठ्ठे, प्राणिसंग्रहालयातला अ‍ॅनाकोंडा, सिंहाची आयाळ, घातक रसायनं. प्रत्येक ठिकाणी 'पेगन' या टोळीची खूण सापडते. फ्रायडे आणि स्ट्रीबेक बकरीच्या कातड्याचे पायजमे चढवून टोळीच्या गुप्त समारंभात शिरतात. तिथे कॉनीचा बळी दिला जाणार असतो. तिला सोडवून ते दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना जागा दाखवायला नेतात, तर पुराव्याचा मागमूस नाही. पुढे कॉनी रेव्हरंड जोनाथन व्हर्ली या प्रतिष्ठित धर्मोपदेशकालाच टोळीचा म्होरक्या म्हणून ओळखते. पोलीस आयुक्तांचा तिच्यावर विश्वास बसत नाही आणि फ्रायडेचा बिल्ला काढून घेतला जातो. व्हर्लीचा डाव असतो मासिकाचा मालक जेरी सीझर याच्या हवेलीतल्या पार्टीवर विषारी वायू सोडण्याचा. तो उधळला जातो, व्हर्ली कॉनीला घेऊन विमानातून पळतो, आणि फ्रायडे पोलीस खात्याच्या जेटमधून त्याचा पाठलाग करून त्याला खाली उतरवतो.

व्हर्ली आणि सीझर ही पात्रं कुणावर बेतली आहेत?

व्यक्तीपेक्षा वातावरणावर. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरून प्रवचनं देणाऱ्या धर्मोपदेशकांचा मोठा दबदबा होता. राजकारणातही त्यांचा शब्द चालायचा. १९८६ मध्ये अश्लील साहित्याविषयी सरकारी आयोगाचा अहवाल आला होता. मार्च १९८७ मध्ये जिम बेकर या प्रसिद्ध टीव्ही धर्मोपदेशकाला लैंगिक प्रकरण आणि पैशाच्या भानगडीवरून पद सोडावं लागलं, आणि तीन महिन्यांनी हा चित्रपट लागला. नीतीचा गजर करणारा व्हर्ली आतून गुन्हेगार निघतो तेव्हा त्या वर्षीच्या प्रेक्षकांना ते किती ओळखीचं वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो. सीझर हा अर्थातच 'प्लेबॉय' मासिकाचा संस्थापक ह्यू हेफनर याच्या थाटाचा मासिकवाला आहे, डॅबनी कोलमनने तो भन्नाट केलाय.

व्हर्लीची भूमिका 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या कॅप्टन फॉन ट्रॅपची, म्हणजे क्रिस्टोफर प्लमरची. त्याने ती शेक्सपिअरच्या खलनायकाला देतात तेवढं गांभीर्य देऊन केली आहे, आणि तेच योग्य होतं.

मूळ मालिकेतलं कुणी या चित्रपटात आहे का?

आहे, आणि चित्रपटातली सगळ्यात हृद्य गोष्ट तीच आहे. १९६७ ते १९७० च्या मालिकेत फ्रायडेचा जोडीदार बिल गॅनन होता. ती भूमिका हॅरी मॉर्गनची. भारतात बऱ्याच जणांना तो 'मॅश'मधला कर्नल पॉटर म्हणून माहीत आहे. चित्रपटात मॉर्गन पुन्हा गॅनन म्हणूनच येतो. आता तो कॅप्टन झालाय आणि आपल्या जुन्या जोडीदाराच्या पुतण्याचा वरिष्ठ आहे.

अशा चित्रपटांत जुन्या नटांना सहसा एका मिनिटासाठी आणतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ते निघून जातात. इथे गॅनन कथेचा भाग आहे. तो फ्रायडेला रागावतो, सांभाळून घेतो, आणि त्याच्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर एक जुनी ओळख दिसते. वेब हयात नसताना मॉर्गनने या चित्रपटात उभं राहणं, याला एक वजन आहे. त्याने वेबसोबत काम केलं होतं. त्या सपाट लयीत उत्तर कसं द्यायचं हे सेटवर सगळ्यात जास्त त्याला ठाऊक होतं, आणि अ‍ॅक्रॉइडबरोबरच्या त्याच्या प्रसंगांत ते ऐकू येतं.

जॅक वेबने हा चित्रपट पाहिला होता का?

नाही. २३ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, वयाच्या ६२ व्या वर्षी. लॉस एंजेलिस पोलिसांनी त्याला खऱ्या अधिकाऱ्यासारखा निरोप दिला आणि फ्रायडेचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला कायमचा निवृत्त केला. एका नटाच्या हातातल्या बिल्ल्याला खऱ्या पोलीस खात्याने हा मान दिला.

ते शीर्षकसंगीत कुणाचं?

सुरुवातीचे ते चार दणदणीत स्वर आजही कुठेही वाजवले तरी 'आता पोलीस येणार' हे समजतं. मालिकेचं संगीत वॉल्टर शूमनचं. पण ते स्वर 'द किलर्स' (१९४६) या चित्रपटासाठी मिक्लोश रोझा या संगीतकाराने दिलेल्या संगीताशी जुळतात असा दावा झाला, आणि पुढे श्रेय दोघांत वाटलं गेलं. १९८७ च्या चित्रपटासाठी आर्ट ऑफ नॉइझ या ब्रिटिश गटाने ती धून ड्रम मशीन आणि सँपलरच्या तालावर नव्याने बांधली. सुरुवातीच्या शहराच्या दृश्यांवर ती वाजते, आणि जुनं-नवं एकत्र आणण्याचं चित्रपटाचं काम पहिल्या मिनिटातच करून टाकते.

अ‍ॅक्रॉइड आणि हँक्स यांनी 'सिटी ऑफ क्राइम' हे रॅपगाणंही केलं होतं. त्याबद्दल एवढंच की ते १९८७ चं आहे.

पोलिसांची इतकी गोड प्रतिमा आज खटकत नाही का?

खटकते, आणि खटकायला हवी.

मूळ 'ड्रॅगनेट' ही लॉस एंजेलिस पोलीस खात्याच्या सहकार्याने बनायची. खातं फायली द्यायचं, सल्लागार द्यायचं आणि पटकथा आधी वाचायचं. १९५० मध्ये प्रमुख झालेल्या विल्यम पार्कर यांना प्रतिमेचं महत्त्व फार लवकर समजलं होतं. ('स्टार ट्रेक'चा जनक जीन रॉडनबेरी तेव्हा याच खात्यात होता आणि पार्कर यांची भाषणं लिहून द्यायचा.) पडद्यावरचा फ्रायडे सभ्य, निःपक्षपाती, कधी हात न उचलणारा. प्रत्यक्षात काय होतं? टीव्हीवरचा पहिला भाग दिसला १६ डिसेंबर १९५१ ला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, नाताळच्या दिवशी, याच खात्यातल्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारहाण केली. त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे होते. १९६५ मध्ये वॉट्स भागात उसळलेल्या दंगलीत ३४ माणसं मेली, आणि पोलिसांविषयीचा साठलेला राग हे तिचं मोठं कारण होतं. त्यानंतर दीड वर्षाच्या आत फ्रायडे रंगीत होऊन परत आला. नव्या मालिकेचा पहिलाच भाग एलएसडी हे अमली द्रव्य घेणाऱ्या तरुणांना धडा शिकवणारा होता.

चित्रपट याच्या किती जवळ जातो? फार नाही. त्यातले पोलीस वरिष्ठ कधी मूर्ख, कधी मोठ्या लोकांपुढे झुकणारे दाखवलेत, एवढीच काय ती टीका. उलट संशयिताला शारीरिक त्रास देऊन बोलतं करण्याचा एक प्रसंग निव्वळ हशासाठी आहे. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला याच खात्यातल्या पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली. त्यानंतर तो प्रसंग पाहताना हसू येत नाही. चित्रपट मला प्रिय आहे, पण या मुद्द्यावर त्याने हातातली संधी सोडली असं माझं ठाम मत आहे. फ्रायडेसारखा नियमावर बोट ठेवून चालणारा पोलीस त्या खऱ्या खात्यात सोडला असता, तर विनोद जास्त धारदार झाला असता.

चित्रपट चालला का?

चालला. अमेरिकेत सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलरची कमाई झाली. समीक्षकांची मतं विभागली गेली. अ‍ॅक्रॉइडचं कौतुक बहुतेकांनी केलं, उत्तरार्धाबद्दल तक्रारी होत्या.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, ३ जूनला, 'द अनटचेबल्स' लागला होता. तीही जुनी टीव्ही मालिका, तेही पोलीस आणि गुन्हेगार, पण तिचा गंभीर आणि भव्य चित्रपट केला होता. म्हणजे जुन्या मालिकेकडे जाण्याच्या दोन वाटा प्रेक्षकांनी एकाच उन्हाळ्यात शेजारी शेजारी पाहिल्या.

तो कुठे फसतो?

शेवटच्या अर्ध्या तासात. हवेलीवर चिलखती गाडी घुसते, गोळ्या सुटतात, विमानांचा पाठलाग होतो. बाँडपटांचा लेखक इथे जागा होतो. हे सगळं नीट घेतलेलं आहे, पण ते 'ड्रॅगनेट' नाही. मूळ मालिकेचं सौंदर्य तिच्या लहानपणात होतं: एक खोली, तीन माणसं, एक वही. चित्रपटात जेव्हा फ्रायडे टेबलामागे बसून कुणाला प्रश्न विचारतो तेव्हा तो सर्वोत्तम असतो. तो विमानात बसला की तिथे कुठलाही नायक चालला असता.

मधल्या भागातली युगो मोटारीची गंमत मात्र जागच्या जागी आहे. एकामागून एक गाड्या मोडल्यावर खातं या दोघांच्या हाती युगोस्लाव्हियातून आलेली ती स्वस्त मोटार देतं. अमेरिकेत ती १९८५ पासून विकली जात होती आणि तिची सगळीकडे चेष्टा व्हायची. फ्रायडे तीत तितक्याच ताठ मानेने बसतो.

नंतरच्या अशा चित्रपटांशी तुलना केली तर?

'स्टार्स्की अँड हच' (२००४) मध्ये बेन स्टिलर आणि ओवेन विल्सन यांनी सत्तरच्या दशकातली मालिका त्याच दशकात ठेवून केली. कपडे, केस, लाल मोटार यांची मजा आहे, मूळचे दोन्ही नायक शेवटी भेटायला येतात. पण काळच विनोदाचा विषय झाल्यामुळे माणसं मागे पडतात.

'२१ जंप स्ट्रीट' (२०१२) मला 'ड्रॅगनेट'च्या खालोखाल आवडतो. तिथे कृती उलटी आहे. पोलीस पुन्हा शाळेत जातात आणि शाळा बदललेली निघते. जुनी मालिका नव्याने काढण्यावरच त्यात टोमणा आहे. मूळ मालिका एप्रिल १९८७ मध्ये सुरू झाली होती, म्हणजे 'ड्रॅगनेट' चित्रपटाच्या जेमतेम दोन महिने आधी.

'चिप्स' (२०१७) पडला. मूळ मालिकेबद्दल ना माया, ना राग. मग कशाला काढायचा?

'द नेकेड गन' याच जातीचा ना?

चुलत भावंडं म्हणा. तो 'पोलीस स्क्वाड!' या १९८२ च्या मालिकेवरून आला, पण ती मालिकाच मुळात विडंबन होती, आणि तिचे अवघे ६ भाग झाले. त्यातला पोलीस साकारणाऱ्या लेस्ली नील्सनचा चेहराही फ्रायडेसारखाच गंभीर असतो. फरक असा की त्याच्या भोवतीचं जग तर्क सोडून वागतं. 'ड्रॅगनेट'चं जग वेडंवाकडं असलं तरी खरं आहे.

आपल्याकडे असा चित्रपट होऊ शकेल?

सामग्री आहे. मुंबई दूरदर्शनवरची 'एक शून्य शून्य' ज्यांनी पाहिली, त्यांना पोलिसी तपासाची साधी, संथ गोष्ट मराठीत कशी रंगते हे ठाऊक आहे. शिवाजी साटम तिथे होते, आणि पुढे १९९८ पासून 'सीआयडी'मध्ये एसीपी प्रद्युम्न म्हणून ते वीस वर्षं घराघरांत दिसले. फ्रायडेच्या वाक्याचं जे झालं तेच 'दया, दरवाजा तोड दो'चं झालं: मालिका न पाहिलेला मुलगाही ते म्हणतो. विनोद तर लोकांनी आधीच करून ठेवलाय.

अडचण दुसरी आहे. आपल्याकडे अशा गोष्टीला हात घातला की प्रद्युम्नला विदूषक करायचा मोह होईल. 'ड्रॅगनेट'कडून एवढं उचलावं: नायकाला पूर्ण गांभीर्याने उभा करा, आजच्या मुंबईत सोडा, सीसीटीव्ही नि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच्या गर्दीत, आणि त्याच्यावर प्रेम करा. हॅरी मॉर्गनची खुर्ची साटम यांच्यासाठी ठेवा.

मूळ मालिका न पाहता चित्रपट समजेल का?

समजेल. पण आधी १९६७ च्या आवृत्तीतले दोन-तीन भाग पाहिलेत तर आनंद दुप्पट होईल. एलएसडीवाला पहिला भाग जरूर पाहा. निळा-पिवळा चेहरा रंगवलेला मुलगा आणि त्याच्यासमोर राखाडी सुटातला फ्रायडे, हे दृश्य पाहिल्यावर अ‍ॅक्रॉइड कुठून आला ते समजतं.

मुलांबरोबर पाहण्यासारखा आहे?

तेरा वर्षांच्या पुढे चालेल. अमेरिकेतही तसाच शिक्का आहे. मासिकाचा विषय, बळी देण्याचा प्रसंग आणि दुहेरी अर्थाचे संवाद आहेत.

पुढे 'ड्रॅगनेट'चं काय झालं?

चित्रपटाचा दुसरा भाग निघाला नाही. टीव्हीवर १९८९ मध्ये एक नवी आवृत्ती आली आणि २००३ मध्ये 'लॉ अँड ऑर्डर'वाल्या डिक वुल्फने एड ओ'नीलला फ्रायडे करून आणखी एक काढली. दोन्ही फार टिकल्या नाहीत. हॅरी मॉर्गनने मात्र आणखी एकदा गॅनन केला, १९९५ मध्ये 'द सिम्पसन्स'च्या एका भागात, फक्त आवाजाने. तोवर त्याने ऐंशी गाठली होती. २०११ मध्ये, ९६ व्या वर्षी तो वारला.